खिल्लारे मॅडमचे खोटे पेशंट

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्या सकाळी आठला माझी पहिली ड्युटी हाय, ते पण कॅज्युअल्टीला, आन् मी बॅग भरायची सोडून मोबाईलवर टायपायले. आई दोनदा ओरडून गेली. पण खिल्लारे मॅडमबद्दल कुणाला तरी सांगितल्याशिवाय ती बॅग काय भरून होणार न्हाई. लिहिताना चुका होतील, समजून घ्या. लय फास्ट लिहायले.

तर खिल्लारे मॅडम. परभणीत आमच्या नर्सिंग कॉलेजात इमर्जन्सी शिकवायच्या. मूळच्या वालूरच्या. बुटक्या, बारीक, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूनं. आन् हातात कायम एक रुमाल, कारण तळहाताला सारखा घाम यायचा. डब्याच्या सुट्टीत कुणाचं स्टीलचं झाकण पडलं तरी दचकायच्या. आमाला वाटायचं, ह्या काय इमर्जन्सी शिकवणार, ह्यांनाच कुणीतरी आधी पाणी द्या.

पहिलाच तास. मॅडम फळ्यावर लिहायल्यात, आन् शेख चाचा, म्हणजे आमच्या कॉलेजचे शिपाई, साठीला टेकलेले, शिडीवर चढून ट्यूबलाईट बदलायलेत. एकदम धाडकन आवाज झाला. चाचा खाली, शिडी अंगावर, डोक्यातून रक्ताची धार. सगळा वर्ग किंचाळला. आरती, माझी मैत्रीण, राणीसावरगावची, ती तर साप बघितल्यावानी बेंचवर चढली. आन् मी काय केलं? मी मोबाईल काढला, कुणाला लावावा ते सुचेना, म्हणून आईला लावला. खरंच. आई म्हणली, "काय गं कांचन, जेवलीस का?"

मॅडम फळ्याजवळच उभ्या. घड्याळ बघायल्यात.

"दोन मिनिटं झाली," मॅडम म्हणल्या. "गेले चाचा."

चाचा डोळे मिटूनच म्हणले, "मर गया ना मैं? अब उठूं क्या मॅडम? फरशी बहोत ठंडी है."

रक्त म्हणजे बीटाचा रस आन् गुलकंद. जखम मैद्याची. हाड दाखवायचं असलं की त्या मैद्यात मुळ्याचा तुकडा खोचायच्या. हे सगळं मॅडम घरून डब्यात घालून आणायच्या, जेवणाच्या डब्याशेजारी. एकदा चुकून तोच डबा उघडून आरतीनं पोळीसोबत गुलकंद खाल्ला, "मॅडम, जखम गोड हाय" म्हणली.

पण त्या दिवशी कुणी हसलं न्हाई. मॅडमनी एकेकीला उभं केलं. "तू काय बघितलं?" रक्त. "तू?" रक्त. "तू?" रक्त, मॅडम. शेवटी म्हणल्या, "डोकं फुटलेलं सगळ्यांनी बघितलं. छाती हालायलीय का, ते एकीनं पण न्हाई बघितलं. बसा."

तिथून पुढं तीन वर्षं आमच्या जिवाला चैन न्हाई. कधी, कुठं, कोण पडंल सांगता यायचं न्हाई. जिन्यात. कॅन्टीनमधे समोसा खाता खाता. एकदा तर परीक्षेच्या हॉल तिकिटाच्या रांगेत. तुमी मैत्रिणीशी बोलायलात, आन् मागं कुणीतरी कोसळायचं. आन् मग नातेवाईक यायचे! कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या बायका मॅडमनी नातेवाईक म्हणून तयार केल्या होत्या. त्या अशा रडायच्या, अशा अंगावर यायच्या, आमच्या वेण्या ओढायच्या, "माझ्या लेकराला हात लावू नको, डॉक्टर कुठंय?" म्हणून गळा काढायच्या, की आमाला पट्टी कुठून सुरू करायची ते पण आठवायचं न्हाई. मॅडमचं म्हणणं, शांत खोलीत तर कुणालाही बँडेज बांधता येतं.

पण सगळ्यात भारी नातेवाईक स्वतः मॅडम. पदर खोचून, केस सोडून अशा यायच्या की ओळखू यायच्या न्हाईत. एकदा माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडल्या, "मानूस मेला तर तुझ्या दारात आणून ठेवीन!" मी रडले. रडत रडत सलाईनची बाटली लावली. संपल्यावर मॅडमनी मला त्यांचाच रुमाल दिला, आन् तो त्यांच्याच घामानं चिंब ओला होता. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की ह्या बाईला आपल्यापेक्षा जास्त भीती वाटते.

आन् खरंच तसं होतं. लग्नात मॅडम कधी पहिल्या पंगतीला बसल्या न्हाईत. सगळ्यात म्हाताऱ्या पाहुण्याच्या आसपास उभ्या राहायच्या, घास अडकला तर म्हणून. बसमधे बसल्या की आधी मागची खिडकी उघडते का ते हलवून बघायच्या. वालूरला गेल्या की रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायकांना तिथंच बसवून घ्यायच्या आन् लेकराच्या घशात शेंगदाणा अडकला तर पाठीत कशी थाप मारायची ते उशी घेऊन शिकवायच्या. बायका हसायच्या, गावात मॅडमला शकू म्हणतात, तर म्हणायच्या, "शकूच्या डोक्यात कायम कुणीतरी मरायलंय." चेष्टा होती ती, पण चूक न्हाई.

का ते एकदाच सांगितलं. बीट किसायलो होतो, मी आन् त्या, दोघीच. मॅडमचे हात कोपरापर्यंत लाल. किसता किसता म्हणल्या, "मी नवीन स्टाफ नर्स होते. जीप पलटली होती, पाच-सहा जणं आणले. एक मानूस लय ओरडायलता. मी त्याच्याकडं पळाले. पाय मोडला होता त्याचा. मी छान बांधला. एकदम छान. आन् कोपऱ्यात एक बाई बसली होती, भिंतीला टेकून, गप. मला वाटलं, ही बरी हाय."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? जो ओरडायलाय तो श्वास घ्यायलाय. गप हाय त्याच्याकडं आधी पळायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं." आन् किसणी माझ्याकडं सरकवून हात धुवायला गेल्या. लय वेळ धूत होत्या.

आता चिठ्ठीचं सांगते, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

शेख चाचा कितीही मेले तरी त्यांची नाडी बहात्तरच लागायची. अंग गरम, श्वास मस्त, वरून खैनीचा वास. मग पेशंट सिरीयस हाय हे कळणार कसं? म्हणून मॅडमनी चिठ्ठ्या काढल्या. पेशंटच्या खिशात एक चिठ्ठी. त्यात लिहिलेलं: नाडी एवढी, श्वास एवढा, अंग गार, बोलत न्हाई. आपण पळत जायचं, खिशात हात घालायचा, चिठ्ठी वाचायची, कामाला लागायचं. एकदा चाचांनी भलताच शर्ट घातला. आरतीनं चिठ्ठी काढून मोठ्यानं वाचली, "नऊ महिने भरलेले, कळा सुरू." सगळा वर्ग आडवा. चाचा पडल्या पडल्या म्हणले, "लिखेला है तो करना पडता बेटा, पानी गरम करो."

मॅडम पण हसल्या होत्या त्या दिवशी. तोंडावर रुमाल धरून.

शेवटच्या वर्षाला आमची बोरीला पोस्टिंग लागली. कापसावर फवारणीचे दिवस. दर वर्षी त्या दिवसांत फवारता फवारता औषध अंगात जाऊन माणसं दवाखान्यात यायची, म्हणून मॅडमनी त्याचीच तालीम ठेवली, शाळेच्या मैदानावर. सांगितलं, पेशंट कुठूनही येतील, कसेही येतील. साबण, पाण्याचे ड्रम, हातात घालायला प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं तयार. मॅडम सकाळपासून चार वेळा ड्रम मोजून आल्या. उगंच. ड्रम काय पळून चाललेत का?

पहिले चाचा आले, बैलगाडीतून, तोंडाला साबणाचा फेस लावून. आमी त्यांना बरं केलं. गावातली पोरंसोरं टाळ्या वाजवायली. मग गावातलेच एक काका आले, त्यांना पण बरं केलं. मॅडम मैदानाच्या पार तिकडल्या टोकाला शाळेच्या हेडमास्तरांशी बोलायल्यात. आन् मागल्या बाजूनं एक मोटारसायकल आली. दोघांच्या मधी एक माणूस, मान लटकलेली, मागून एक बाई अनवाणी पळत.

मी आन् आरती सगळ्यात जवळ होतो. त्यांनी माणूस मातीत ठेवला. तोंडाला फेस, अंग घामानं निथळायलंय, दंडाचं मांस असं फुरफुरायलंय. आन् मी... हे लिहिताना पण हात थांबायलाय. मी आरतीला म्हणले, "ह्यांना फेस जरा जास्तच दिलाय."

आन् खिशात हात घातला.

तंबाखूची पुडी. चुन्याची डबी. दुसरा खिसा, काहीच न्हाई. मी पॅन्टच्या खिशात बघितलं. "चिठ्ठी कुठंय?" मी ओरडले. "ह्यांची चिठ्ठी कुणी घेतली?"

ती बाई माझ्या अंगावर आली. "काय खिसे चाचपायलीस माय? मानूस चाललाय माझा!"

आन् तुमाला सांगते, तरी मला कळलं न्हाई. कारण मॅडमचे खोटे नातेवाईक अस्संच ओरडायचे. मी एकदम शिकवलेल्या आवाजात म्हणले, "ताई, घाबरू नका, जरा बाजूला व्हा." लय नम्रपणे. आन् परत वरच्या खिशात हात.

मग वास आला. साबणाचा न्हाई. तो उग्र, नाकात चढणारा, घशाला लागणारा वास, शेतावरून जाताना येतो तो. आन् दिसलं की त्याची पॅन्ट ओली झालीय. मॅडम असलं कधी करून घेत नव्हत्या कुणाकडून. मी "मॅडम!" म्हणून ओरडले.

मॅडम मैदान आडवं कापत पळत आल्या. एक चप्पल मधीच राहिली. मी आयुष्यात विसरणार न्हाई, त्यांनी आधी त्या माणसाकडं बघितलंच न्हाई. माझ्या हाताकडं बघितलं. खिशात होता तो.

एक सेकंद. मग खाली बसल्या. "कुशीवर घ्या. आरती, कात्री दे. पिशव्या घाला हातात. कांचन, पाणी, साबण, सगळ्या अंगाला, केसात पण." घामानं मॅडमच्या हातातून कात्री निसटायलीय, पण शर्टावर बरोबर चाललीय. तोंडातला फेस पुसला, हनुवटी वर धरली. मोटारसायकलवाल्याला म्हणल्या, "ह्यांनी कोणतं औषध फवारलं त्याचा डबा आणा, पळा!" चाचा तोंडाचा फेस तसाच घेऊन फोनवर गाडी बोलवायलेत, आन् पलीकडच्याला पटंना, कारण आमी त्यांना सकाळीच तालीम हाय म्हणून कळवलं होतं. चाचा रडायला आले. "सच्ची का हाय रे बाबा, सच्ची का! अल्ला कसम!"

गाडी आली. बोरीच्या आरोग्य केंद्रात इंजेक्शनं सुरू झाली, मग तसंच परभणीला.

माणसाचं नाव नामदेव. बायको मथुराबाई. दुसऱ्याच्या शेतात फवारायला जायचे दोघं. तिसऱ्या दिवशी पण त्यांच्या तोंडात नळी होती. आन् गावात पसरलं की नर्सिंगच्या पोरी मरणाऱ्या माणसाचे खिसे तपासायल्या होत्या. चोरी म्हणले कुणी कुणी. मी हॉस्टेलवर जेवत नव्हते. डोळे मिटले की तो खिसा. डॉक्टर म्हणले होते, वेळेत धुतलं म्हणून निदान इथवर आला. पण माझा जो वेळ गेला खिशात, तो किती होता? मॅडमनी घड्याळ बघितलं नव्हतं त्या दिवशी. तो एकच दिवस.

मॅडम मला घेऊन दवाखान्यात गेल्या. मथुराबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली, गप. मॅडम तिच्यासमोर खाली फरशीवरच बसल्या, इस्त्रीच्या साडीनिशी.

"मथुराबाई, ह्या पोरीनं खिशात हात घातला, तो मी घालायला शिकवला होता. तीन वर्षं. चोरीसाठी न्हाई. आमच्या खोट्या पेशंटच्या खिशात चिठ्ठी असती, त्याला काय झालं ते लिहिलेली. चूक तिची न्हाई. माझी हाय."

मथुराबाई म्हणली, "आमच्या मानसाच्या खिशात कोण चिठ्ठी ठिवणार बाई?"

मॅडमनी मान खाली घातली.

"मला काय सांगायलाव," मथुराबाई म्हणली. "उठल्यावर त्यालाच सांगा."

उठल्यावर. मॅडमनी तो शब्द असा धरला की काय सांगू. रोज कॉलेजच्या आधी अन् कॉलेज सुटल्यावर दवाखान्यात. वॉर्डातल्या सिस्टरला त्यांचा फोन ओळखू यायला लागला, उचलायच्या आधीच म्हणायची, "तसेच हायेत मॅडम." तिकडं प्राचार्य बाईंनी तालमी बंद करून टाकल्या. चाचा चहा घेऊन आत गेले होते, त्यांनी ऐकलं आन् आमाला सांगितलं. मॅडम म्हणल्या होत्या, "तालीम बंद नका करू बाई. चिठ्ठ्या बंद करते. ते बी जमलं न्हाई, तर मला बंद करा." बाई शेवटी मानल्या.

नामदेव उठले. नळी काढली आन् आवाज फुटला तेव्हा पहिलं वाक्य, "माझी पुडी कुठंय?" ती माझ्या एप्रनच्या खिशात होती! त्या गडबडीत माझ्याच खिशात गेली होती. मी हसू का रडू कळंना. मॅडम म्हणल्या, "पुडी देऊ नको, चुन्याची डबी तेवढी दे." आन् बाहेर जाऊन जिन्यावर बसल्या. मी मागं गेले न्हाई.

मग मॅडम बोरीला गेल्या, मथुराबाईकडं. काय मागायला गेल्या माहितीय? की तुमी आमाला शिकवायला या. त्याचं अंग कसं होतं, आवाज कसा येत होता, ते चिठ्ठीत लिहून चालत न्हाई, ते करून दाखवायला पाहिजे, आन् ते फक्त तुमी बघितलंय. मथुराबाईनं सरळ न्हाई म्हणलं. "येकदा बघितलं ते बास झालं बाई." मॅडम परत आल्या. परत काय गेल्या न्हाईत, जबरदस्ती केली न्हाई.

आन् एक दिवस, आमचा तास चालू, दारात मथुराबाई उभी. "आले बाई, दावते," म्हणली. नामदेवला तपासणीला आणलं होतं. नामदेव बाहेरच्या बाकावर बसले, हातातली ताकद अजून आली नव्हती, चाचांनी त्यांना केळ सोलून दिलं. आत यायला तयार न्हाईत. "मला न्हाई बघायचं मी कसा व्हतो ते," म्हणले.

मॅडमला मी नीट शेवटचं बघितलं ते त्या दिवशी. पुढं आमची परीक्षा, त्यांची बदली, आन् मग फक्त फोनवर दोन-तीनदा.

चाचा पडायला पुढं झाले होते. मॅडम म्हणल्या, "न्हाई, मीच पडते." घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आन् वर्गाच्या फरशीवर आडव्या झाल्या. आमी वह्या उघडून बसलो. मथुराबाई पदर सावरून बाजूला उभी.

"न्हाई मॅडम, डोळे मिटले नव्हते. उघडेच व्हते. पर बघत नव्हते."

मॅडमनी डोळे उघडले.

"तोंड आवळू नका. ढिलं सोडा. अजून... हां. आन् आवाज. नरड्यात पानी खळखळल्यावानी."

मॅडमनी केला. "तसा न्हाई," मथुराबाई म्हणली. परत केला. "आतून यिऊ द्या." तिसऱ्यांदा तो आवाज आला. तोच होता, अगदी तोच. मॅडमचं अंग ढिलं पडलेलं, डोळे छताकडं, आन् ती खळखळ.

मथुराबाई मागं सरकत भिंतीला लागली. तोंडावर हात. वर्गात कुणी हाललं न्हाई. मॅडम सुरू करा म्हणतील, मग आमी उठणार. त्या काय म्हणंनात. ती खळखळ चालूच.

आन् मथुराबाई एकदम खाली बसली. कुणी सांगितलं न्हाई तिला. एक हात मॅडमच्या खांद्यामागं, एक गुडघ्याला, आन् असं अलगद कुशीवर वळवलं, पदराच्या टोकानं तोंड पुसलं. म्हणायली, "उठा आता बाई. बास झालं. उठा."

मॅडम उठल्या न्हाईत. तशाच कुशीवर, आमच्याकडं तोंड करून, डोळे उघडे. फक्त घामेजलेला हात हळूच सरकवत नेऊन मथुराबाईच्या हातावर ठेवला, आन् तिथंच राहू दिला. बाहेरून नामदेव म्हणायले, "झालं का गं? गाडी जाईल."

आता तुमी सांगा, खरंच विचारायले, उगंच न्हाई. तुमच्यासोबत असं कधी झालंय का, की शिकलेलं सगळं येत होतं, आन् खरा माणूस समोर आला तेव्हा हात भलतीकडंच गेला? झालं असलं तर लिहा. आन् नंतर त्या हाताचं तुमी काय केलं, ते पण लिहा.